स्वतंत्र कंत्राटदाराचे कायद्यातील स्थान आणि कंपन्यांशी होणारे करार
पगारदार नोकर आणि स्वतंत्र कंत्राटदार एकाच कंपनीसाठी, एकाच छताखाली राबत असले तरी कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. नोकराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजेचे संरक्षण मिळते. कंत्राटदाराच्या हाती असतो तो फक्त करार, आणि बहुतेक वेळा तो कंपनीनेच लिहिलेला असतो. छायाचित्रकार, अनुवादक, आरेखक, सॉफ्टवेअर सल्लागार, दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ असे असंख्य लोक आज वर्क ऑर्डरवर जगतात. त्यांच्या प्रश्नांसाठी भरलेल्या या परिषदेत माननीय अध्यक्ष, विधिज्ञ, उद्योगांचे प्रतिनिधी आणि दूरवरून आलेले सर्व व्यावसायिक यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

विषयाचा पहिला प्रश्न असा, की कंत्राटदार कोणाला म्हणायचे? भारतीय न्यायालयांनी याचे उत्तर करारातल्या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष कामात शोधले आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात कच्छच्या रणातल्या मिठागरांवर काम करणारे अगरिया सर्वोच्च न्यायालयापुढे होते. प्रत्येकाला जमिनीचा पट्टा नेमून दिलेला असे. मजुरी मणामागे मिळे, नापसंत मिठाचे काहीच मिळत नसे. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला माणसे घेण्याची मुभाही होती. कंपनीच्या मते ते कंत्राटदार होते. न्यायालयाने १९५६ साली त्यांना कामगार ठरवले, कारण ते स्वतः राबत होते आणि मीठ तयार होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. उलट १९५८ च्या चिंतामणराव खटल्यात विड्या पुरवणारे सट्टेदार स्वतंत्र कंत्राटदार ठरले. ते आपल्या जागेत किंवा दुसऱ्यांकडून विड्या वळवून घेत आणि त्या कामावर कारखानदाराचे नियंत्रण नव्हते. पुढे १९७३ मध्ये शिंप्यांच्या एका खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही. यंत्रे कोणाची आणि सदोष काम परत करायला लावण्याचा अधिकार कोणाला, हेही पाहावे लागते.

या कसोट्यांवर जो खरोखर स्वतंत्र ठरतो, त्याला कामगार कायदे फारसे उपयोगी पडत नाहीत. तरीही तो निराधार नाही. त्याचे हक्क वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत.

सर्वांत मोठी तक्रार थकीत बिलांची. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. दाद याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे मागता येते. या संरक्षणासाठी सेवा पुरवणारी एकटी व्यक्तीही उद्यम नोंदणी करू शकते. ही नोंदणी करारावर सही करण्याआधी झालेली बरी.

दुसरा हक्क निर्मितीचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते, पण स्वतंत्र लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क लेखी हस्तांतरित करावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांना मात्र वेगळा नियम आहे. तेथे वेगळा करार नसेल तर मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते.

तिसरा प्रश्न जाचक कलमांचा. करार संपल्यानंतरही तोच व्यवसाय करू नये, असे बंधन भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार रद्दबातल ठरते. वादात रस असलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले. असमान बळाच्या पक्षांमधील अन्याय्य कलमे रद्द होऊ शकतात, हे तत्त्व ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात १९८६ मध्ये मांडले गेले. मात्र दोन्ही पक्ष व्यावसायिक असतील तर ते लागू होईलच असे नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. एकटा आरेखक आणि हजारो कोटींची कंपनी कागदावर सारखेच व्यावसायिक ठरतात, आणि खरा अन्याय येथेच होतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगारांची, म्हणजे पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांची, व्याख्या आली. अ‍ॅग्रिगेटर (ग्राहक आणि सेवा देणाऱ्यांना ऑनलाइन जोडणाऱ्या) कंपन्यांनी त्यांच्यासाठी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, अशी तरतूदही झाली. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. कायमचा एक मालक नसलेल्या हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी केली आणि मालकांच्या लेव्हीतून त्यांना निर्वाह निधी मिळवून दिला. इतर स्वतंत्र व्यावसायिकांसाठी अशी व्यवस्था अजून व्हायची आहे.

म्हणून परिषदेपुढे दोन कामे आहेत: सर्वांना वापरता येईल असा मराठीतील नमुना करार तयार करणे आणि एकट्या व्यावसायिकाला अन्याय्य कलमांपासून कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणी शासनाकडे करणे. सर्व प्रतिनिधींनी आपापले करार आणि अनुभव चर्चेत मोकळेपणाने मांडावेत, ही स्वागत समितीची विनंती आहे.