कुणब्याच्या घरधनिणीचें लेणें

(मारुंजी येथें गांवकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



येत्या रविवारीं शाळेच्या मुलांना घेऊन भाज्याच्या जुन्या वाटेनें लोहगडावर जाण्याचा बेत आम्हीं केला आहे. मुलांच्या आईबापांनींहि बरोबर यावें अशी विनंती केली, तेव्हां दोनतीन ठिकाणीं एकच सवाल ऐकूं आला : "मास्तर, पडक्या भिंती आणि पांडवांचीं बिळें पाहण्यासाठीं पायांचे तुकडे कशाला पाडायचे?" सवाल रास्त आहे. दिवसाची मजुरी बुडते, गोठ्यांतलीं जनावरें दुसऱ्याच्या हवालीं करावीं लागतात. म्हणून जायचें कशाला, हें सांगणें आमच्याकडे लागतें.

आधीं पांडवांचा निकाल लावूं. आपल्या उत्तरेस घोरावडेश्वराचा डोंगर आहे. शिवरात्रीला तेथें जत्रा भरते. पिंडीवर बेल वाहावा, पोरांना खाऊ घ्यावा आणि घरीं यावें, एवढीच आपली त्या डोंगराची ओळख. तेथलीं लेणीं कोणीं कोरलीं असें पुसलें, तर म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत एकच उत्तर मिळतें : पांडवांनीं, एका रात्रींत; कोंबडा आरवला म्हणून काम अर्धें राहिलें. बाबांनो, त्याच डोंगरांत दगडावर लेख कोरलेला आहे. अक्षरें ब्राह्मी लिपीचीं आहेत. ती लिपि वाचण्याची विद्या शेंकडों वर्षें लोपलेली होती. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थानें ती उलगडली आणि पुढें अशा लेखांचे अर्थ लागले. घोरावडेश्वराच्या लेखांत पांडव नाहींत, राजाहि नाहीं. धेनुकाकट गांवीं राहणारा उसभणक नांवाचा "हालकिय कुडुबिक", त्याची घरधनीण सियगुतणिका, हिनें आपला मुलगा नंद याच्यासह हें लेणें दान दिलें, एवढाच मजकूर आहे.

हल म्हणजे नांगर. हालकिय म्हणजे नांगर धरणारा. कुडुबिक म्हणजे कुटुंबवाला शेतकरी. आपला "कुणबी" हा शब्द याच शब्दापासून निघाला असें कित्येक विद्वान मानतात. म्हणजे ज्या खडकाखालीं आपण पिढ्यान् पिढ्या प्रसाद खाल्ला, त्यावर आपल्याच घरच्या बाईचें नांव होतें, आणि आपण तें पांडवांच्या नांवें मांडीत होतों!

भाज्यासहि तसेंच. तेथील काम इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत सुरू झालें. तेथल्या एका विहारावर बाधा नांवाच्या "हालिकजाये"चें दान नोंदलेलें आहे. हालिकजाया म्हणजे नांगऱ्याची बायको. बाईचें नांव, तिचा धंदा आणि तिचें दान. मध्यें कोणा कारभाऱ्याची सही नाहीं.

येथें एक आडवी गोष्ट बोलतों, राग मानूं नये. हिंजवडीचे काचेचे वाडे आपल्या शिवेला भिडले आणि आपल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हांपासून आपल्या बहिणींचीं नांवें सरकारी कागदावर कोठें येऊं लागलीं, तर हक्कसोडपत्रावर! दोन हजार वर्षांपूर्वींच्या कुणबिणीचें नांव कांहीं दिल्याबद्दल दगडावर आहे, आणि आजच्या कुणबिणीचें नांव हक्क सोडल्याबद्दल कागदावर आहे. रविवारीं त्या लेखासमोर उभे राहून भावांनीं याचा विचार करावा.

आतां सुतार-पाथरवट मंडळींस सांगावयाचें. भाज्याच्या मोठ्या चैत्यांत शिराल, तर खांब आंत कललेले दिसतील. लांकडी घराचा खांब छताचा भार पेलण्यासाठीं तिरपा रोवतात, तो तिरपेपणा येथें दगडांत उतरला आहे. छताला अर्धगोल लांकडी कांबी आहेत. खडकाच्या छताला लांकडाच्या आधाराची गरज नसते. पण लांकडांत घर बांधणारा हात पहिल्यानें दगडाकडे वळला, तेव्हां आपली जुनी चाल त्यानें सोडली नाहीं. हें काम वरून खालीं येत केलेलें आहे : आधीं छत, मग खांब, शेवटीं जमीन. त्यामुळें उंच परांची बांधावी लागत नाहीं. पण एक टांकी चुकली तर दगड परत जोडतां येत नाहीं, हें पाथरवटाला आम्हीं काय सांगावें? समोरच्या डोंगरांत कार्ल्याचा चैत्य आहे. तेथें तर धेनुकाकटच्याच सामि नांवाच्या वाढयानें, म्हणजे सुतारानें, दाराचें काम केल्याचा लेख आहे. बापाचें नांव वेणुवास. कामासाठीं कोणी राबवून घेतला आणि विसरला, असें तेथें झालें नाहीं.

हीं लेणीं या आडरानांत कां? तर आडरान तें आज झालें. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल बोरघाट चढून याच मावळांतून देशावर येई. बैलांचे तांडे जात, वाटेंत पाणी आणि निवारा लागे. पुढें त्याच वाटेवर नजर ठेवण्यासाठीं गड उभे राहिले. भाज्याहून वर चढणारी वाट लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या गायमुख खिंडींत निघते. विसापुरावर नाळेंतूनहि चढतां येतें. खडकांत खोदलेल्या पायऱ्या आहेत, पण दरडींनीं त्या मोडल्या आहेत, म्हणून ती चढण तरण्यांनींच घ्यावी.

लोहगड शिवाजी महाराजांनीं १६४८ सालीं घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोगलांस द्यावा लागला, १६७० सालीं परत आला. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हटलें, त्यांत हा एक आहे. विसापूर मात्र उघडा पडला आहे : १८१८ सालीं इंग्रजांनीं तो घेतला आणि त्याचे दरवाजे सुरुंगानें उडविले. माथ्यावर चुन्याच्या घाण्याचें भलें थोरलें दगडी चाक आहे. तटाचा चुना त्यांत मळला. गडाच्या बखरींत राजे येतात, किल्लेदार येतात. चाक ओढणाऱ्या बैलांचा धनी येत नाहीं. म्हणूनच आम्ही मुलांना आधीं लेणें दाखवूं, मग गड.

सकाळीं बेगडेवाडीहून लोणावळ्याची लोकल धरूं आणि मळवलीस उतरूं. भाकरी, चटणी, कांदा आणि माणशीं दोन बाटल्या पाणी घ्यावें. लेण्यांत पुरातत्त्व खात्याचें तिकीट लागतें, त्याचे पैसे जवळ असूं द्यावेत. चिखल वाळला आहे, तरी खिंडीपुढची वाट निसरडी आहे. चपला नकोत, बूट हवेत. खडू, कोळसा, चाकू कोणीं आणूं नये. बाधेच्या नांवाशेजारीं आपल्या पोरांचीं नांवें कोरलेलीं आम्हांस नको आहेत. ज्या आयाबहिणी येणार असतील त्यांनीं शनिवारीं शाळेंत स्वतःचें नांव स्वतः येऊन सांगावें, नवऱ्याकडून पाठवूं नये.