हाडांचे रक्षण पहिल्या गोळीपासून

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



ल्युपस हा आजार बहुधा ऐन तारुण्यातील स्त्रियांना गाठतो. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रियाच असतात. देहाचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती या आजारात आपपरभाव विसरते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांवरच आघात करू लागते. तो थोपविण्यासाठी स्टेरॉइड हे प्रभावी साधन आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रयोग केला आणि १९५० मध्ये केंडल व राइकस्टाइन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. या औषधाने असंख्य प्राण वाचविले. मात्र त्याची किंमत हाडे मोजतात.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. तेथे जुने काढणे आणि नवे रचणे अखंड चालू असते. स्टेरॉइडमुळे रचणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते आणि लघवीवाटे ते अधिक जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, हे ध्यानात घ्यावे. मणका अनेकदा वेदनेवाचून खचतो. उंची घटल्यावर किंवा पाठीला बाक आल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते. म्हणून ‘वय झाल्यावर पाहू’ हा विचार येथे चालत नाही.

दुसरी चूक याहून घातक आहे. स्टेरॉइडच्या धास्तीने काही कुटुंबे गोळी परस्पर बंद करतात. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीरातील स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. अशा वेळी औषध एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते आणि ल्युपसही उफाळतो. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमाने. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या शिफारशीनुसार, शक्य तेथे ती प्रेड्निसोलोनच्या रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून खाली आणावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नियमित घेतल्यास त्यास साहाय्य होते.

मग करावे काय? तीन महिन्यांहून अधिक काळ रोज अडीच मिलिग्रॅम वा अधिक प्रेड्निसोलोन घ्यावयाचे असेल, तर पहिल्या सहा महिन्यांतच हाडांच्या घनतेची ‘डेक्सा’ तपासणी व मणक्यांची पाहणी करून घ्यावी. आहार आणि गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम, तर शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळते. दही, ताक, तीळ हेही आपल्या स्वयंपाकघरातलेच. मूत्रपिंडे बाधित असतील तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

‘कोवळ्या उन्हात बसत जा’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला एरवी हितकर. पण उन्हाने ल्युपस चाळवतो. या रुग्णांना ऊन टाळावे लागते, म्हणूनच त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. ते रक्त तपासून औषधरूपानेच द्यावे. सांधे साथ देतील तसे चालणे आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम ठेवावा. तंबाखू व मद्य वर्ज्य.

हाड मोडण्याचा धोका अधिक असल्यास डॉक्टर अलेंड्रोनेटसारखे औषध देतात. आठवड्याची गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. आरंभापूर्वी दात तपासून घ्यावेत. हे औषध हाडांत दीर्घकाळ राहते; म्हणून अपत्याचा विचार असलेल्या भगिनींनी तो संकोच न बाळगता डॉक्टरांना आधीच सांगावा. जांघेत सतत दुखत असेल तर तेही सांगावे. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो आणि हा दोष घनतेच्या तपासणीत दिसत नाही.

आपल्या घरांत स्त्री सर्वांची औषधे वेळेवर देते आणि स्वतःची तपासणी मात्र पुढे ढकलते. ल्युपसमध्ये हे पुढे ढकललेले महिने परत मिळत नाहीत. तिचा पती, सासू, मुलगा यांनी पुढील भेटीत तिच्यासोबत जावे आणि ‘हाडांसाठी काय योजना आहे?’ असे स्वतःहून विचारावे. पहिल्या गोळीबरोबरच हा प्रश्न विचारला गेला, तर पुष्कळ मणके खचण्यापूर्वीच वाचतील.