घोट्याचे जुने व्यंग व शस्त्रक्रियेची पूर्वतयारी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्याने लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातील सास्तूर व उमरगा भागावरही घाला घातला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांची गणना झाली, गावे नव्या जागी वसली. परंतु ज्यांचे हातपाय मोडून कसेबसे सांधले गेले, त्यांतील कित्येकांचे व्यंग आजही त्यांच्या सोबत चालत आहे. भूकंपच कशाला, बैलगाडीवरून वा मोटारसायकलवरून पडून घोटा मोडला, हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि पाऊल वाकडे जुळले, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक गावी आहेत. 'आता इतक्या वर्षांनी काय व्हायचे?' हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. म्हणून आज त्याचाच विचार करू.

घोटा म्हणजे नडगीचे मोठे हाड व त्याच्या बाजूचे बारीक हाड यांनी केलेली एक खाचच होय. पावलातील वरचे हाड तीत चपखल बसते. ही बैठक किती नाजूक असावी? रॅम्सी व हॅमिल्टन या संशोधकांनी १९७६ साली दाखविले की, ते हाड बाहेरच्या बाजूस केवळ एक मिलिमीटर सरकले तरी सांध्यातील परस्परस्पर्शाचे क्षेत्र सुमारे ४२ टक्क्यांनी घटते. मग सर्व भार थोड्याशा जागेवर पडतो, कूर्चा झिजते, आणि पंधरावीस वर्षांनी दुखणे असह्य होते.

यास्तव शल्यविशारदाचा पहिला प्रश्न 'हाड किती वाकडे' एवढाच नसतो. 'कूर्चा किती शिल्लक आहे' हाही असतो. याकरिता क्ष-किरण चित्रे निजवून नव्हे, तर उभे करून, शरीराचा भार पायावर असताना, आणि दोन्ही पायांची घ्यावी लागतात. चांगला पाय हाच वाकड्या पायाचा नकाशा होय. कूर्चा बरी असेल तर घोट्याच्या वर हाड कापून ते सरळ करतात व सांधा वाचवितात. ती संपली असेल तर सांधा कायमचा जोडून टाकणे, अथवा निवडक रुग्णांत कृत्रिम सांधा बसविणे, हे मार्ग उरतात. जोडलेला घोटा बहुधा दुखत नाही. पण तो वाकतही नाही, आणि उकिडवे बसण्यावाचून ज्यांचे शेत व घर चालत नाही त्यांनी याचा विचार आधीच करावयास हवा. परदेशी ग्रंथांत हा प्रश्न गौण मानलेला दिसतो. आपल्याकडे तो प्रमुख आहे.

हाडाइतकेच महत्त्व भोवतालच्या मांसकातड्याचे. वर्षानुवर्षे आखडलेली टाचेची शीर लांबवावी लागते. आत वळलेले पाऊल एकदम सरळ केले, तर आतल्या बाजूचा मज्जातंतू ताणला जाऊन तळवा बधिर होऊ शकतो. अशा वेळी हळूहळू सुधारणा बरी. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात बसविलेली कड्यांची चौकट याच कामी येते. हाड लांबवावयाचे असता ती रोज साधारण एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, सरकवितात. कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षे न बरा झालेला पाय त्यांनी १९८० मध्ये सुधारला, तेव्हा कोठे पश्चिमेस ही विद्या कळली. महाराष्ट्रात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी तिचा मोठा प्रसार केला.

उमरगा तालुक्यातील एका भगिनीचे उदाहरण सांगतो. भूकंपात भिंतीखाली सापडलेला त्यांचा घोटा आत वळून जुळला. पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालून तेथे घट्टा पडला, आणि गेली दोन वर्षे तो फुटून जखम होऊ लागली. घरच्यांचा आग्रह, लगेच शस्त्रक्रिया करावी. आमचे मत असे पडले की, जखम पुरती सुकल्यावाचून चाकू लावू नये, नाहीतर जंतू हाडात शिरतील. रक्तातील साखर तपासली, ती वाढलेली निघाली. मधुमेह आवरेपर्यंत थांबणे क्रमप्राप्त झाले. शिवाय मिश्री! ती लावणाऱ्या भगिनी तिला तंबाखू मानीत नाहीत, हे आम्हांस नेहमी नवल वाटते. तंबाखूने रक्तपुरवठा मंदावतो आणि कापलेले हाड जुळण्यास विलंब लागतो, कधी ते जुळतही नाही.

कुटुंबानेही हिशेब करावयाचा असतो. कित्येक आठवडे त्या पायावर भार देता येणार नाही. पाणी कोण भरील, परसाकडे नेईल कोण, शासकीय योजनेत ही शस्त्रक्रिया बसते की नाही? हे प्रश्न रुग्णालयात दाखल झाल्यावर नव्हे, आधी सोडवावेत. त्यांच्या सुनेने माहेरची धाकटी बहीण दोन महिने आणण्याचे ठरविले आहे, व घरात खुर्चीचे शौचकूप बसविले आहे. चित्रांत कूर्चा निम्म्याहून अधिक शाबूत दिसली, त्यामुळे सांधा वाचविण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. तो फसल्यास पुढे सांधा जोडावा लागेल, हे त्यांस स्पष्ट सांगितले आहे. जखम सुकली आहे, मिश्री सुटून सात आठवडे झाले, आणि सोयाबीनची रास घरी आल्यावर, दिवाळीनंतरचा दिवस नेमला आहे.