हातगुणाला शिक्षणाची जोड



महाराष्ट्रातील घराघरांत औषधाइतकाच हातगुणावर विश्वास आहे. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीला रोज घातले जाणारे न्हाऊ आणि तालमीत कुस्तीनंतर होणारी रगडणी या साऱ्यांतून मालिशीची कला पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. परंतु ज्या हातांनी ही सेवा केली, त्या हातांना कारागिराचा मान क्वचितच मिळाला. मराठवाड्यातील गावगाड्यात अंग रगडण्याचे काम वारिकाकडे असे; न्हाऊ घालणारीची बोळवण लुगड्या-धान्यावर होई. कला सर्वांनी वापरली. ती रीतसर शिकण्याची विद्या आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

आज ही विद्या एक व्यवसाय म्हणून उभी आहे. आयुर्वेदिक पंचकर्म केंद्रे, निसर्गोपचार आश्रम, मोठ्या शहरांतील हॉटेले आणि क्रीडासंकुले येथे प्रशिक्षित मालीशकाराला काम मिळू शकते. हिंगोली जिल्ह्याने या व्यवसायाकडे डोळसपणे पाहणे अगत्याचे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे. येथील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण हळद, सोयाबीन आणि कापूस यांच्या उत्पन्नावर प्रत्येक घरातील सर्व मुलामुलींचा निर्वाह होईलच असे नाही. दहावी-बारावीनंतर शहराची वाट धरणाऱ्या तरुणापाशी एखादे प्रमाणित कौशल्य असावे, की केवळ रिकामे हात, हा खरा प्रश्न आहे.

बदनामीवर उपाय शिक्षणाचा

या व्यवसायाचे नाव काढताच पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मालिशीच्या पाटीआड गैरप्रकार चालल्याच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात. ही भीती अनाठायी नाही; पण ती नवीही नाही. १८९४ साली लंडनमध्ये अशाच गैरप्रकारांचा गवगवा झाला. तेव्हा रुग्णसेवेतील चार स्त्रियांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालीशकारांची संस्था स्थापन केली. परीक्षा, प्रमाणपत्र आणि आचारनियम यांवर तिचा भर होता. वैद्यकीय निर्देशाशिवाय उपचार करावयाचा नाही, असा तिचा दंडक होता. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ब्रिटनमधील भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, व्यवसाय तिच्यातूनच आकारास आला. बदनाम झालेला व्यवसाय टाकून देण्याऐवजी त्या स्त्रियांनी त्याला शिस्त लावली.

आपल्या राज्यातही अशी उदाहरणे आहेत. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि त्या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. त्याआधी, मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ग्रामीण रुग्णांसाठी निसर्गोपचाराचे काम आरंभिले. पुढे मणिभाई देसाई यांनी ते आयुष्यभर चालविले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते, तेथे १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्य करू लागली. उपचार-सहायकांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रमही या संस्थेने चालविला आहे.

दृष्टिहीनांच्या बाबतीत जपानचे उदाहरण मननीय आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध उपचारकाने तेथे अंधांसाठी मर्दन आणि सूचिकोपचार यांचे शिक्षण सुरू केले, आणि पुढे अंधांचा तो एक प्रमुख सन्माननीय व्यवसाय ठरला. बोटांची सूक्ष्म जाण हे ज्यांचे बलस्थान, त्यांना हा मार्ग दाखविणे शिक्षकांच्या हाती आहे.

काय शिकावे लागते

मालीश म्हणजे तेल लावून जोर करणे, हा समज दूर झाला पाहिजे. प्रशिक्षणार्थ्याला प्रथम हाडे, स्नायू, सांधे, त्वचा आणि रक्ताभिसरण यांची माहिती घ्यावी लागते. त्यानंतर लांब हात फिरविणे, स्नायू मळणे, घर्षण, थोपटणे आणि कंपन या हस्तक्रिया येतात. आयुर्वेदात अभ्यंगाचे स्थान निश्चित आहे. पंचकर्मापूर्वी स्नेहन आणि स्वेदन करावयाचे, आणि तेही वैद्याच्या सांगण्यावरून. नखे, हात आणि चादरी यांची स्वच्छता, उपचारापूर्वी घ्यावयाची संमती आणि उपचाराच्या वेळी अंग योग्य रीतीने झाकण्याची मर्यादा ही या शिक्षणाची अविभाज्य अंगे होत. स्वतःच्या कंबरेला व अंगठ्याला जपून, केवळ बोटांचा जोर न लावता शरीराचा भार कसा वापरावा, हेही शिकावे लागते. अन्यथा मालीशकारच थोड्या वर्षांत रुग्ण होतो.

सर्वांत मोठी विद्या म्हणजे हात कोठे लावू नये, हे ओळखणे. ताप असता, त्वचेला संसर्ग असता, हाड मोडल्याची शंका असता मालीश वर्ज्य होय. एकाच पोटरीला सूज आणि वेदना असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतते. खेड्यात पडलेल्या माणसाचा पाय आधी चोळला जातो आणि मग दवाखाना आठवतो. तान्ह्या बाळाच्या नाकाकानात तेल सोडण्याची किंवा त्याची छाती पिळण्याची रीतही अपायकारक आहे. प्रशिक्षित व्यक्ती अशा वेळी हात आखडता घेते आणि रुग्णाला डॉक्टरकडे पाठविते. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; तेव्हा असा रुग्ण पाठवावा कोठे, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही.

येथे एक भेद स्पष्ट असावा. भौतिकोपचारतज्ज्ञ होण्यासाठी बारावी विज्ञाननंतर कित्येक वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राने मालीशकार वा पंचकर्म-सहायक होता येते. रोगनिदान करण्याचा किंवा नावामागे डॉक्टर लावण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

पंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती पाहून शेतकरी बाप कर्ज काढतो आणि मुलाच्या हाती निरुपयोगी कागद पडतो. हे टाळावयाचे तर प्रवेशापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अभ्यासक्रम २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसतो काय आणि त्याचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्था देते काय. दुसरी, प्रत्यक्ष हातांनी करावयाचा सराव किती तासांचा आहे; केवळ चित्रफिती पाहून ही विद्या येत नाही. तिसरी, आधी शिकून गेलेले विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षण विनामूल्य असते. म्हणून कर्जाचा विचार करण्यापूर्वी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात आणि पंचायत समितीत चौकशी व्हावी.

मुलगी नोकरीसाठी परगावी जाणार असेल, तर आस्थापनेचा पत्ता, नेमणूकपत्र, वेतन आणि निवासाची व्यवस्था यांची शहानिशा तिच्या पालकांसह गावातील जाणत्या सदस्यांनी करावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. ही माहिती घर सोडण्यापूर्वीच तिच्या पदरी असावी.

गावात राहूनही या कौशल्याचा उपयोग आहे. न्हाऊ घालणाऱ्या अनुभवी बायांना आरोग्यसेविकेमार्फत स्वच्छतेचे आणि धोक्याच्या लक्षणांचे ज्ञान मिळाले, तर त्यांची सेवा अधिक सुरक्षित होईल आणि त्यांना योग्य मोबदला मागण्याचे बळही येईल. महिला बचतगटांच्या बैठकीत हा विषय घेता येण्यासारखा आहे.

कोणतेही काम हलके नसते. अज्ञानाने केलेले काम मात्र धोक्याचे ठरते. शिक्षकांनी दहावीच्या वर्गात इतर व्यवसायांबरोबर याचीही माहिती द्यावी, ग्रामपंचायतीने ग्रामसभेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी वाचून दाखवावी, आणि जो मुलगा वा मुलगी हा मार्ग निवडील, त्याच्या पाठीशी गावाने निःसंकोच उभे राहावे.