भिंतीवरचं शिसं आणि बिल कुणाच्या नावावर?

आजचा प्रश्न सरळ आहे. घराच्या रंगातून लहान मुलांच्या अंगात शिसं गेलं, तर पैसे कुणी भरायचे? घरमालकानं, सरकारनं, की रंग विकणाऱ्या कंपनीनं?

अमेरिकेत पूर्वी घरांना सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, सर्रास लावायचे. 1978 साली घरगुती रंगात शिसं वापरण्यावर बंदी आली, पण जुन्या भिंती तशाच राहिल्या. रंगाचे पोपडे सुटतात, त्यांची धूळ होते आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. शिसं मेंदूची वाढ बिघडवतं. झालेलं नुकसान औषधानं भरून येत नाही.

आता कोर्टातली अडचण बघा. कित्येक दशकांपूर्वीचा तो थर नेमक्या कुठल्या कंपनीचा, हे एकेका कुटुंबानं सिद्ध कसं करायचं? म्हणून 2000 साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीनं वेगळा रस्ता धरला. पुढे लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को धरून एकूण दहा शहरं-काउंट्या एकत्र आल्या. त्यांचं म्हणणं असं, की धोका ठाऊक असून तुम्ही हा रंग घरात लावायला सांगितलात, जाहिराती केल्यात. हा सार्वजनिक उपद्रव आहे आणि तो तुम्हीच निस्तरा.

2014 मध्ये कोर्टानं शर्विन-विल्यम्स, एनएल इंडस्ट्रीज आणि कोनॅग्रा यांना 115 कोटी डॉलर भरायला सांगितलं. कोनॅग्रा तर खाण्याच्या वस्तूंची कंपनी! पण एका जुन्या रंग कंपनीची जबाबदारी तिच्याकडे वारशानं आली होती. 2017 च्या अपिलात हा आदेश 1951 पूर्वीच्या घरांपुरता उरला. 2018 मध्ये कंपन्यांनी सार्वमताचा प्रस्ताव आणला, की सरकारनं 200 कोटींचे रोखे काढून सफाई करावी. म्हणजे बिल करदात्यांच्या माथी! ओरड झाली, प्रस्ताव मागे घेतला. शेवटी 2019 मध्ये 30.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली.

हाच युक्तिवाद ऱ्होड आयलंड राज्यात मात्र 2008 साली वरच्या कोर्टात टिकला नाही. त्यामुळे हा मार्ग हमखास नाही. शिवाय कॅलिफोर्नियातला पैसा मागितला होता तो घरांतला धोका काढायला, मुलांना भरपाई म्हणून नाही. तरी मला हा निकाल मोठा वाटतो. माल विकून झाला म्हणून जबाबदारी संपत नाही, हे त्यातून ठरलं.

आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. पण तो नियम नव्या डब्यांना लागू होतो, जुन्या भिंतींना नाही. म्हणून घरात लहान मूल असेल, तर जुना रंग कोरडा घासू नका. भिंत ओली करून घासा, मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. आणि या जुन्या भिंतींचं बिल कुणाचं, हा प्रश्न आपणही विचारायला लागू या.