मधमाशीचे नाणे



आजच्या तुर्कस्तानात इफेसस या प्राचीन ग्रीक नगराचे अवशेष आहेत. आर्टेमिस ही तेथील आराध्यदेवता आणि मधमाशी हे तिचे चिन्ह. या नगराचे इ.स.पू. चौथ्या शतकातील चार द्राख्मांचे चांदीचे नाणे सुमारे १५ ग्रॅम भरते. एका बाजूस पंख पसरलेली मधमाशी व नगरनामाची आद्याक्षरे. दुसऱ्या बाजूस मागे वळून पाहणारे हरीण, खजुराचे झाड आणि एका अधिकाऱ्याचे नाव.

असे एक नाणे आम्ही मोठ्या हौसेने, महिन्याची मिळकत मोजून, विकत घेतले. घरी तराजूत घातले तो १३ ग्रॅमही भरेना. भिंगाखाली कडेवर सांध्याची रेघ दिसली. अस्सल नाणे दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याच्या घावाने पाडलेले. त्यास सांधा कोठून असणार? आमचे साच्यात ओतलेले, नकली होते.

ते दुसऱ्या कोणास विकून मोकळे व्हावे, असा मोह आम्हांस झाला, हे येथे कबूल करतो. परंतु पाठीमागचे ते नाव डोळ्यांसमोरून हलेना. अशा बहुतेक अधिकाऱ्यांविषयी नाण्यावरील नावापलीकडे इतिहासास काही ठाऊक नाही. आम्हां सरकारी नोकरांचे तरी कागदावरील सहीपलीकडे काय उरते?

ते नाणे अद्याप आमच्या संग्रहात आहे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘नकली’ असे लिहून खाली आम्ही सही केली आहे.