गावाचा इतिहास कोणाच्या वहीत?

उमरखेडहून दक्षिणेला निघालं की पैनगंगा लागते. आज ती ओलांडली की माणूस यवतमाळ जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात जातो, एवढंच. पण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत पाण्यापलीकडे निजामाचा अंमल होता. या काठावर स्वातंत्र्य आलं 15 ऑगस्ट 1947 ला, समोरच्या काठावर तेरा महिन्यांनी. दोन्हीकडे लेकी दिलेल्या, सोयरीक एक, बाजार एक. रझाकारांच्या दिवसांत पलीकडची माणसं लेकराबाळांसह अलीकडे आली, ती याच सोयऱ्यांच्या ओसरीवर. शाळेच्या पुस्तकात हैदराबादची पोलीस कारवाई असते. ओसरीवर त्या दिवसांत किती पानं वाढली गेली, ते मात्र कुठंच नसतं.

आमच्या भागाचा इतिहास अगदीच लिहिलेला नाही, असं नव्हे. पलीकडच्या हदगाव भागातल्या नव्हा इथल्या गढीत नौसाजी नाईक आणि त्यांचे हटकर साथीदार 1819 च्या जानेवारीत लढले. हैदराबाद संस्थानच्या ज्या पलटणींनी ती गढी घेतली, त्यांना ‘नव्हा’ हे नाव युद्धसन्मान म्हणून मिळालं. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या यादीत आपल्या एका गावाचं नाव आहे. पण त्या गढीला भाकरी कोणी पोचवली, वेढा उठल्यावर कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे सांगणारी यादी कोणी केली नाही.

मग एखाद्या लहान गावाचा इतिहास लिहिता येतो तरी का? येतो. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरात माँतायू नावाचं खेडं आहे. सातशे वर्षांपूर्वी तिथं जेमतेम अडीचशे माणसं राहत. त्यांच्यातले काही पाखंडी पंथाचे आहेत, असा चर्चला संशय. 1318 ते 1325 या काळात झाक फुर्निए नावाच्या बिशपनं त्यांना एकेक करून चौकशीला बसवलं आणि त्यांचे जबाब लिहून ठेवले. मेंढपाळ बोलले, विधवा बोलल्या. पुढं हाच बिशप पोप झाला आणि ते दप्तर व्हॅटिकनमध्ये जपलं गेलं. त्याच्या आधारे ल रुआ लादुरी या इतिहासकारानं 1975 मध्ये ‘माँतायू’ हे पुस्तक लिहिलं. त्या गावात कोण कोणाच्या डोक्यातल्या उवा काढत बसे, हेही आज आपल्याला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला गुन्हेगार शोधायचे होते. वाचणाऱ्याला माणसं सापडली.

आपल्याकडेही असं दप्तर आहे. वऱ्हाडात गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे. सरकारला हवा होता आकडा. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद मी पाहिली. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढं नुसतं ‘मुलगा’. बाळाचं नाव नाही, आईचंही नाही. ज्या बाईनं जन्म दिला, तिला त्या ओळीत जागाच नव्हती. पण त्याच वहीत पुढं 1918 चं पान येतं. त्या वर्षीच्या तापाच्या साथीला आपल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘मानमोडी’ म्हटलं. पानामागून पान मृत्यूंचंच. ओळी वाचताना हात थांबतो.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि जुनी दप्तरं बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जातीच्या दाखल्यासाठी आपली माणसं आजही तहसील, भूमिअभिलेख, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असा फेरा मारतात. जाणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. उमरखेड पूर्वी पुसद तालुक्यात होतं आणि पुसद 1905 पर्यंत वाशीम जिल्ह्यात. त्यामुळं त्याआधीच्या कागदावर ‘यवतमाळ’ शोधू नका, वाशीमचं नाव शोधा.

दाखला मिळाला की लोक वही मिटतात. मला वाटतं, तिथं थोडं थांबावं. आपली ओळ सापडली, तशी वरची आणि खालचीही वाचावी. शेजारचं कोण, कोणत्या वाड्यातलं, कोणत्या साथीत गेलं, हे उतरवून घ्यावं. गावाच्या शिवेचा वाद निघाला की पूर्वी महाराचा शब्द प्रमाण मानत, कारण शीव त्याच्या पायाखालची होती. पण त्या शब्दाची पोथी झाली नाही. तांड्यावरच्या नायकाला, कोलामाला, आंधाला, वतनाच्या कागदात कोण विचारणार होतं? गावाचा इतिहास पाटलाच्या वाड्यापासून सुरू होऊन तिथंच संपला, तर तो वाड्याचा इतिहास झाला, गावाचा नव्हे.

काम फार अवघड नाही. शंभर पानी वही घ्यावी. गावातल्या शेतांची नावं लिहावीत, नुसता गट क्रमांक नव्हे, ‘चिंचेचं वावर’. बुजलेल्या विहिरी, मोडलेले बाजार, उठून गेलेली घरं लिहावीत. म्हाताऱ्या बायांना सन विचारू नये. त्या सांगतात, “मानमोडी झाली, त्याच्या दोन सालं मागं माही माय जन्मली.” वर्ष आपण जुळवावं. माहेर कोणतं, हेही विचारावं. त्या उत्तरांतून पैनगंगेच्या दोन्ही काठांचा नकाशा तयार होतो. आणि सांगणाऱ्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, प्रत्येक पानाखाली टाकावं.

कोतवाल बुकाची पानं आता हात लावला की तुटतात. ती जपणं सरकारचं काम आहे, आणि ते त्यानं करावं. पण ज्यांना रझाकारांचे दिवस स्वतःच्या डोळ्यांनी आठवतात, ती माणसं आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची नक्कल कुठल्याही कचेरीत मिळत नाही. तिच्यासाठी अर्ज करायचा तर तो त्यांच्या खाटेजवळ बसून करावा लागतो, आणि याच हिवाळ्यात.